थांबा हं

३ मार्च, मंगळवार

—त्याचं तोंड मिटलं आणि माझा शब्द उघडाच राहिला. पुन्हा मागे घेतलं. पुन्हा तेच. पुलावर निळ्या उभा, पाठीमागे आग, कॅमेरा थेट ओठांवर. मूळ भाषेत तो काहीतरी छोटंसं बोलतो आणि शेवटी ओठ घट्ट मिटतो. म्हणजे मला पवर्गातलं काहीतरी हवं. प, फ, ब, भ, म. शब्द असा, की संपताना ओठ आपोआप बंद व्हावेत. अर्थाचं नंतर बघू. साहित्य शिकले तेव्हा आधी अर्थ होता!

सकाळपासून हाती आलेले: काम, लगाम, बेफाम, ताप, घाम.

'आता लगाम' लिहिलं. मोठ्याने वाचलं. घोडागाडीवाला वाटला. खोडलं.

निळ्याचं खरं नाव लांबलचक आहे, पोस्टरवर शोभणारं. पोशाख निळा, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला निळ्या म्हणतात. त्याचा हा सातवा सिनेमा. आपल्या भाषेत तो पहिल्यापासून माझे शब्द बोलतो, दादाच्या आवाजात. बहीण लिहिते, भाऊ बोलतो. घरचाच धंदा म्हणायचा.

४ मार्च, बुधवार

'फुटला ना घाम?' — बसलं!

७ मार्च, शनिवार

दादाकडे गेले. दार उघडलं वहिनीने. दादा आतून काहीतरी म्हणाला ते मला कळलंच नाही. घसा बसलाय म्हणे. महिनाभर बसलेलाच आहे, वहिनी म्हणाली, आता त्याला पाट मांडून दे म्हणजे झालं. दादा हसला. हसण्यातही खरखर.

निघायला लागले तशी नेहमीची हाक: "थांबा हं, चहा टाकलाय." आलेल्या कुणालाही हेच म्हणतो. धाकटी बहीण असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, सगळ्यांना अहो-जाहो करून थांबवतो. आणि या तीन अक्षरांवर आमच्या दोन घरांचं इतकी वर्षं चाललंय!

ती गंमत इथे कधी लिहिली नव्हती. पहिल्या सिनेमात निळ्या समोरून येणाऱ्या अख्ख्या सैन्याला अडवतो. मी लिहिलं होतं 'थांबा!' हात पुढे, तोंड मोठं उघडतं— थांबा— इथवर छान. पण पडद्यावर तो नंतर ओठ मिटतो आणि क्षणभर मिटलेलेच ठेवतो. माझं 'बा' उघडं पडलं. चूक माझी, घाईत लिप, म्हणजे पडद्यावरची ओठांची हालचाल, नीट पाहिली नव्हती. दादा माइकपुढे होता. मोकळी जागा दिसली, तोंडातून सवयीने गेलं: "थांबा हं." ओठ बरोब्बर मिटले. ध्वनिमुद्रक काचेपलीकडून अंगठा दाखवून मोकळा झाला. (त्याला आम्ही कानसेन म्हणतो. ऐकतो फार, बोलतो कमी.) मी म्हटलं, अरे, हा सैन्य अडवतोय का पाहुणे? कानसेन म्हणाला, राहू दे. राहिलं.

आणि मग पोरंटोरं रस्त्यावर हात पुढे करून 'थांबा हं' करत सुटली. बसवाले म्हणायला लागले. एका शिक्षिकेने म्हणे वर्गात म्हटलं आणि वर्ग खरंच थांबला! दुसऱ्या सिनेमापासून ते आम्हाला ठेवावंच लागलं. समोर एकटा खलनायक असला तरी 'थांबा हं.' त्यामुळे खलनायकांशी निळ्या आदराने बोलतो, आणि मग तेही त्याच्याशी. 'तुम्हाला सोडणार नाही.' 'प्रयत्न करून बघा.' जगातली सगळ्यात सुसंस्कृत मारामारी आमच्या भाषेत होते.

चहावर पैजही लागली. दर सिनेमाला लागते. मी म्हणते, हा शेवटचा, लोक कंटाळले. तो म्हणतो, अजून एक. हरेल त्याने दुसऱ्याच्या घरचे पंखे पुसायचे. आजवर शिडीवर मीच चढतेय.

या खेपेला मात्र मी जिंकेन असं वाटतं. कारण चिमटी. दादाची मुलगी. पाचवीत होती तोवर निळा टॉवेल मानेला बांधून पलंगावरून उड्या मारायची. आता दहावीत. दादाने विचारलं, पहिल्या दिवशी येणार ना? ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, आता कोण बघतं ते?"

दादाने पैजेचा हात मागे घेतला नाही. पण हात जरा सैल पडला.

१० मार्च, मंगळवार

सिनेमा आपल्या भाषेत आणणाऱ्या कंपनीत बैठक. नवे साहेब आलेत, तरतरीत माणूस. प्रत्येक वाक्यात टक्के. इतके टक्के दमले, इतके टक्के परत आले नाहीत. मी मनात नाव ठेवून टाकलं: टक्केसाहेब.

म्हणणं थोडक्यात असं: उडणाऱ्या माणसांची लाट ओसरतेय. किती टिकेल, वर्ष की दोन, कुणीच सांगू शकत नाही. हा सिनेमा आपल्या भाषेत चालला तर पुढचा येईल. नाहीतर आपल्या भाषेत बोलायचं कामच बंद. म्हणून सगळं ताजं हवं. गंभीर हवं. आणि 'ते हं' नको.

मी विचारलं, का?

"बाई, तो जग वाचवतोय. हं काय?"

मला बोलता आलं असतं. पण कुठल्या तोंडाने? खरं तर गेली कित्येक वर्षं मीच घरीदारी सांगत फिरतेय की ही लाट संपणार. भुतांची संपली, हेरांची संपली, यांचीही संपेल. संपली की मी माझं लिहीन. सहाव्या सिनेमापर्यंत हे वाक्य म्हणायला बरं वाटत होतं. आज टक्केसाहेबांच्या तोंडून माझंच मत ऐकलं आणि ते मला अजिबात पटलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

दादाच्या स्वरतंतूवर गाठ. डॉक्टर म्हणाल्या, साधी दिसते, पण काढायला हवी, आणि लगेच. दादाने विचारलं, सिनेमा करून मग काढू? त्यांनी विचारलं, त्यात काय काय असतं? दादा मोजायला लागला: आरोळ्या, हुंकार, आगीतून पळणं, एकदा इमारत अंगावर. डॉक्टरांनी पुढचं ऐकलंच नाही.

नंतर आवाज कसा राहील, हेही त्याने विचारलं. बघू म्हणाल्या. वहिनीने हे मला दोनदा सांगितलं. 'बघू म्हणाल्या गं.'

१३ मार्च, शुक्रवार

म्हणजे या वेळी निळ्या दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. कळवलं. टक्केसाहेबांनी हळहळ व्यक्त केली, आणि अर्ध्या तासात तीन नावं पाठवली.

१७ मार्च, मंगळवार

नवा आवाज ठरला. प्रेशर कुकरच्या जाहिरातीत 'शिट्टी होऊ द्या!' म्हणतो तो. तिशीतला, उंच, दारातून वाकून आत येतो. त्याला नाव पडायला दुपारसुद्धा लागली नाही. कुकर.

मी त्याच्यावर राग धरायचं ठरवून गेले होते. जमलं नाही. आल्या आल्या म्हणाला, ताई, मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांचे सिनेमे पाठ आहेत. मग कानसेनकडून दादाचा नंबर घेतला आणि बाहेर जाऊन बोलून आला. परतला तो डोळे पुसत. काय म्हणाला दादा? "म्हणाले, उडताना पोट आत घ्यायचं नाही. सगळे तीच चूक करतात."

१९ मार्च, गुरुवार

तो प्रसंग. शेवटचा. निळ्या एकटा, समोर खलनायक. हात पुढे, तोंड मोठं उघडतं, मग ओठ मिटतात. क्षणभर मिटलेलेच. मुद्दाम केल्यासारखी पहिल्या सिनेमाची तीच लिप.

'हं' चालणार नाही. मग काय? दिवसभर बसले. 'खेळ खलास'— लिप उघडी. 'बस्स, पुरे'— उघडी. 'पूर्णविराम'— तोंड मिटतं, पण व्याकरणाचे मास्तर वाटतात. 'आता आराम' हे कानसेनने सुचवलं आणि स्वतःच पाणी प्यायला निघून गेला.

शेवटी 'थांबा' एवढंच लिहिलं. पुढची जागा कोरी. ओठ मिटलेले, आवाज नाही.

टक्केसाहेब येऊन बघून गेले. शांतता फार दमदार आहे म्हणाले. वा, बाई!

आळस होता की डाव होता, माझं मलाच सांगता येत नाही. इतकं खरं, की दुसरा कुठलाही शब्द तिथे ठेवायला हात धजला नाही.

२० मार्च, शुक्रवार

दादाची शस्त्रक्रिया झाली. आत जाताना दारातून हात पुढे करून 'थांबा हं' केलं, आवाज न करता. वहिनी रडायची ती हसली. मग रडली.

२४ मार्च, मंगळवार

गाठ साधीच निघाली. घरात पहिल्यांदा सगळे एकदम बोलायला लागले, एक सोडून.

त्याला कडक मौन. कुजबुजही नाही, कुजबुजण्याने जास्त ताण येतो म्हणे. चिमटीने माळ्यावरून आपली जुनी पाटी काढली, पट्टी ओढली की पुसली जाणारी. दादा त्यावर लिहितो. अक्षर बघण्यासारखं, पण वेळ इतका लावतो की तोवर विषय पुढे गेलेला असतो. वहिनी म्हणाली, लग्नापासून पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं. त्याने पाटीवर लिहिलं: 'चुकलं होतं.' वाक्य की काय, ते मात्र लिहिलं नाही.

२९ मार्च, रविवार

डॉक्टरांनी मौन वाढवलं. खोलवर काम करावं लागलं होतं, असं आता सांगतात.

दादाकडे बसलो होतो. तो खिडकीशी, पाटी मांडीवर. वहिनीने आणि मी मिळून उसनं बोलून घर भरलं. मग मी तोच जुना विषय काढला, लाट किती टिकेल. त्याला चिडवायला. एरवी तावातावाने सांगतो: लोकांना शक्तीचा कंटाळा येतो, कबूल, पण कुणीतरी मधे येऊन उभं राहतं याचा येत नाही. तोवर हे चालणार, पोशाखाचा रंग बदलेल फार तर.

आज पाटीवर फक्त लिहिलं: 'कुकर कसा आहे?'

चांगला आहे, मी म्हटलं. खरंच चांगला आहे.

त्याने पट्टी ओढली. पाटी कोरी.

२ एप्रिल, गुरुवार

ध्वनिमुद्रण संपलं. कुकर शेवटपर्यंत पोट बाहेर ठेवून उडला. 'थांबा' तो नीट म्हणाला. पुढच्या कोऱ्या जागेत काचेतून मला दिसलं, त्याचे ओठ मिटलेले आणि गळा हलला. आवाज केला नाही. कानसेनने यंत्र बंद केलं आणि टाळ्या वाजवायच्या ऐवजी हेडफोनची वायर गुंडाळत बसला. फारच घट्ट गुंडाळली.

५ एप्रिल, रविवार

टक्केसाहेबांचा निरोप. पुढच्या रविवारी दुपारी चाचणीचा खेळ आहे. शाळांतली मुलं, त्यांचे आईबाप, फुकट प्रवेश. हा खेळ बघून कंपनी ठरवणार, पुढचा करायचा की नाही. आपणही यावे. घरच्यांना आणावे.

दादा यायचा नाही असं धरून चालले होते. पाटीवर आलं: 'येणार. मागची रांग.' खाली छोट्या अक्षरात: 'पैज आहे.'

चिमटी म्हणाली मला अभ्यास आहे. दहा मिनिटांनी म्हणाली, रविवारी नाहीये.

८ एप्रिल, बुधवार

सोमवारी मौन सुटणार. डॉक्टर सकाळी बोलावणार, समोर बसवून बोलायला लावणार. वहिनीने दिनदर्शिकेत तारखेभोवती गोल काढलाय. दादाने त्या गोलाला डोळे आणि तोंड काढलंय. तोंड मिटलेलं.

१२ एप्रिल, रविवार

आत्ताच आले. चप्पलसुद्धा काढली नाही, आधी लिहिते.

थिएटर निम्मं भरलेलं. टक्केसाहेब कडेला उभे, हातात आकडेमोडीचं काहीतरी. मुलं आधी छान गप्प, मग चुळबुळ. मध्यंतरापर्यंत मला कळून चुकलं की मी पैज जिंकतेय. इमारती पडल्या, कुणी श्वास रोखला नाही. पुढच्या रांगेतला एक बाप झोपला, त्याच्या मांडीवर मुलगा दुसऱ्या मुलाशी भांडत होता. 'फुटला ना घाम?'वर कुणीच हसलं नाही! कुकरने सगळं बरोबर केलं होतं. लोक बघत होते जसं खिडकीतून रहदारी बघावी.

दादा माझ्या उजवीकडे. त्याच्या पलीकडे चिमटी, तिच्या पलीकडे वहिनी. पूर्ण वेळ तो ओठ हलवत होता. आवाज नाही. प्रत्येक वाक्याच्या अर्धा क्षण आधी.

शेवटचा प्रसंग आला. निळ्या, खलनायक, वारा. हात पुढे.

"थांबा—"

तोंड मिटलं. शांतता. टक्केसाहेबांची दमदार शांतता.

आणि त्या कोऱ्या जागेत कुणीतरी म्हणालं: "हं."

आमच्याच रांगेतून. मी वळून बघितलं नाही. ज्या मुलीने 'आता कोण बघतं ते' म्हटलं होतं, तिच्याकडे अशा वेळी बघू नये.

मग समोरून एक, डावीकडून दोन-तीन. मग सगळीकडून, एकामागून एक, छोटी मुलं, मोठी मुलं, आईबाप. हंऽऽ. जो बाप झोपला होता तो जागा होऊन, काय चाललंय हे न कळता, हं म्हणाला. पडद्यावर मारामारी सुरू झाली तरी खालचं हसू थांबेना. त्यानंतर शेवटपर्यंत कुणी चुळबुळलं नाही. निळ्याला फटका बसला की लोक ओरडत होते, त्याने दिला की टाळ्या. जणू सिनेमा तिथून सुरू झाला.

मी दादाकडे पाहिलं. त्याने पाटी घेतली, अंधारात लिहिलं, माझ्यापुढे धरली. पडद्याच्या उजेडात वाचलं:

'जरा उशिरा पडलं.'

दिवे लागले तसे टक्केसाहेब धावतच आले. माझ्याशी बोलले नाहीत, थेट दादाशी. ते हं परत घालणार. प्रदर्शनाआधी. आणि पुढचा करायचा म्हणाले, वर बोलणं झालंय, पुढचा नक्की. "तुम्ही बरे झालात की तुम्हीच. दुसरं कुणी नको. माझंच चुकलं, लोकांना उडणारा माणूस नकोय, तुम्ही हवे आहात." कुकर शेजारी उभा होता, सगळ्यात जोरात मान तोच हलवत होता.

दादाने पाटीवर लिहिलं, माझ्याकडे धरली: 'अजून एक. पंखे.'

हरले! चारही खोल्यांचे पंखे. वहिनी म्हणाली स्वयंपाकघरातला मीच पुसते, तो तुझ्याच्याने व्हायचा नाही, फार चिकट आहे. येताना चिमटी पुढे चालत होती, हात खिशात. रस्ता ओलांडताना गाडी आली तेव्हा तिने हात पुढे केला. काही म्हणाली नाही. गाडी थांबली.

माझं स्वतःचं लिहिणं पुन्हा एक सिनेमा पुढे गेलं. वाईट वाटायला हवं. बघू, उद्या वाटेल.

१३ एप्रिल, सोमवार

दादा-वहिनी डॉक्टरांकडे, मी सकाळी शिडी काढत होते. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. एक बारीक, चिरका आवाज, म्हातारी बाई बोलावी तसा: "ओळख पाहू कोण?" मी राँग नंबर म्हटलं आणि ठेवला.

पुन्हा वाजला. तोच आवाज.

"थांबा हं. ठेवू नका."

मी ठेवला नाही.